मोबाइलवरील वैद्यकीय सूचना : लेखन आणि मांडणी

औषधाची मात्रा लिहिताना आपण डॉक्टर मंडळी काटेकोर असतो. पालकांसाठी सूचना लिहितानाही तितकेच काटेकोर असावे, असे मला वाटते. पूर्वी या सूचना तोंडी किंवा कागदावर दिल्या जात. आज त्या बहुधा मोबाइलवर जातात. मोरजीसारख्या गावात वडील हॉटेलात रात्रपाळीला किंवा बोटीवर असतात आणि आई एका हाताने आजारी मूल सांभाळत लहानशा पडद्यावरचा मजकूर वाचते. घरात बोलणे कोकणीतून, वाचन मराठीतून. पुष्कळदा तोच मजकूर आजीला मोठ्याने वाचून दाखवला जातो. अशा वाचकासाठी मांडणी हा उपचाराचाच भाग ठरतो.

पडद्यावरचे वाचन कागदावरच्या वाचनाहून वेगळे असते. जेकब निल्सन व जॉन मॉर्क्स यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ७९ टक्के वाचक नवा मजकूर केवळ नजरेखालून घालत होते. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. हे वाचक आजारी मुलांचे पालक नव्हते. घाबरलेल्या पालकाकडून अधिक सावकाश वाचनाची अपेक्षा कशी करावी?

क्रम उलटा करावा

आपले शिक्षण तक्रार, पूर्वेतिहास, तपासणी, निदान व शेवटी उपचार या क्रमाने झाले. त्याच क्रमाने आपण लिहितो. एक नमुना पाहू :

‘अतिसारात बालकांमध्ये निर्जलीकरणाचा धोका संभवत असल्याने पालकांनी योग्य प्रमाणात जलसंजीवनी द्यावी व आवश्यकता भासल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.’

यात चुकीचे काही नाही. परंतु योग्य प्रमाण म्हणजे किती आणि आवश्यकता केव्हा, हे आईला कळत नाही. तीच सूचना अशी लिहिता येईल :

जुलाब : लगेच डॉक्टरांना दाखवा, जर—
• बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल
• शौचातून रक्त पडत असेल
• मूल सुस्त असेल किंवा काही पीत नसेल
• डोळे खोल गेले असतील किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल

एरवी घरी काय करावे
१. ओआरएसचे पूर्ण पाकीट, त्यावर छापलेल्या मापाइतक्याच स्वच्छ पाण्यात मिसळा.
२. प्रत्येक जुलाबानंतर पाजा : दोन वर्षांखाली ५० ते १०० मि.लि., त्यापुढे १०० ते २०० मि.लि.
३. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबा. मग चमच्या-चमच्याने पुन्हा द्या.
४. अंगावरचे दूध व जेवण चालू ठेवा.
५. उरलेले ओआरएसचे पाणी २४ तासांनंतर टाकून द्या.

पाण्याचे माप इथे विशेष महत्त्वाचे आहे. एक लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात कालवले, तर तेच जीवनदायी औषध रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढवू शकते.

मराठीच्या अंगाने काही पथ्ये

‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द मोबाइलवर टाळावेत. संदेश दुसऱ्या दिवशी उघडला किंवा पुढे पाठवला, की ‘उद्या’ बदलतो. ‘परवा’ तर मागचाही असतो आणि पुढचाही. लसीकरणाची तारीख व वार लिहावा.

बोलीतले ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे. झिंक १४ दिवस द्यायचे असेल, तर १४ हाच आकडा लिहावा. ‘एक चमचा’ऐवजी ‘५ मि.लि.’ लिहावे. ‘.५’ मधला बिंदू लहान अक्षरांत हरवतो व मात्रा दहापट होते, म्हणून ‘०.५’ लिहावे. १ आणि ९ ही अक्षरे बारीक ठशात सारखी दिसतात. तेथे आकड्यासोबत शब्दही द्यावा.

देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही. जोर द्यायचा, तर ठळक ठसा किंवा स्वतंत्र ओळ एवढीच साधने आहेत. सारेच ठळक केले, की काहीच ठळक राहत नाही. वेलांट्या-उकारांसाठी ओळींत अंतर सोडावे. सूचना छायाचित्राच्या रूपात पाठवू नये. त्यातील शब्द शोधता येत नाहीत.

लिपीचा प्रश्न गोव्याला नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये देवनागरी खिळ्यांअभावी रोमी अक्षरांत छापावे लागले. आज ती अडचण नाही. तरी पुष्कळ संदेश रोमी अक्षरांतच लिहिले जातात. त्यात ‘ताक’ आणि ‘टाक’ एकच होतात. ‘ताक द्या’ म्हणताना हा धोका का पत्करावा?

शेवटी एक सोपी परीक्षा सुचवतो. सूचना पाठवण्यापूर्वी ती प्रतीक्षाकक्षातील एखाद्या आईला मोठ्याने वाचायला द्यावी आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. उत्तरात ती जिथे अडखळेल, ती ओळ आपण पुन्हा लिहावी.