आजीआजोबा आणि अज्ञान मुलाचे पालकत्व

आईबाप गेले की नातवंड आजीआजोबांकडे राहायचे, यात विचारायचे ते काय, असे आपण समजतो. कायदा मात्र विचारतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून बाप व त्याच्यानंतर आई येते; आजीआजोबांचा तेथे उल्लेखच नाही. नातवाला भेटण्याचा स्वतंत्र हक्कही त्यात दिलेला नाही. दोघेही पालक नसतील तर १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालय मुलाचे हित पाहून पालक नेमते.

हित कोणी व कसे ठरवायचे? २०२१ च्या साथीत अहमदाबादेत एका लहान मुलाचे आईवडील थोड्याच अंतराने वारले. गुजरात उच्च न्यायालयाने ताबा मावशीकडे दिला. ती अविवाहित, सरकारी नोकरीतली. आजोबा सत्तरी ओलांडलेले, निवृत्तिवेतनावर जगणारे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. वय व उत्पन्न एवढ्यावरच माया तोलता येत नाही, असाच त्याचा आशय. मावशीला भेटीची मुभा राहिली, हेही योग्यच झाले. तीही परकी नव्हती.

असा वाद टाळायचा तर कलम ९ पाहावे. मृत्युपत्राने पालक नेमता येतो. बापाने नेमलेला पालक आई हयात असेतो निष्प्रभ असतो. आईने स्वतः कोणास नेमले असेल, तर तिच्या पश्चात तोच पालक. शेतजमिनीचे मृत्युपत्र करणारी माणसे मुलासाठी एक ओळ लिहीत नाहीत, याचे नवल वाटते. दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही.