गोल्फगाडी : पेट्रोलची की विजेची?

गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना नेणारी छोटी गाडी पेट्रोलवर चालते, तशीच विजेवरही. यांतली कोणती निवडावी? थोडे गणित करू या.

8 व्होल्टच्या 6 बॅटऱ्या एकसर जोडल्या की 48 व्होल्ट मिळतात. क्षमता 150 अँपिअर-तास असल्यास ऊर्जा 48 × 150 = 7200 वॅट-तास, म्हणजे 7.2 युनिट. शिसे-आम्ल प्रकारच्या या बॅटऱ्यांचे वजन मात्र सुमारे 170 किलोग्रॅम! उलट, 1 लिटर पेट्रोलचे वजन जेमतेम पाऊण किलोग्रॅम आणि ऊर्जा सुमारे 9 युनिट.

मग पेट्रोलच सरस? थांबा. इंजिनात यातील सुमारे तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. विजेची मोटर बहुतेक ऊर्जा चाकांना देते, तीही मैदानावर धूर न सोडता.

तेव्हा फेरी छोटी आणि रात्री चार्जिंगची सोय असेल, तर विजेची गाडी निवडावी. दिवसभर न थांबता धावायचे असेल, तर पेट्रोलची.