चुना कोणी कोणाला लावला

"मॅडम, केमिकल कधी शिळं होतं का? ते काय दूध आहे?" आमच्या शाळेला प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या गृहस्थांनी हे मला फोनवर हसत हसत ऐकवलं. त्यांचं नाव लिहीत नाही, लिहिण्याची इच्छा मात्र फार आहे. कोणत्याही शाळेत विज्ञान शिकवत असाल, तर असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असेल.

खरेदीची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तीन कोटेशनं मागवायची आणि सर्वांत कमी दराचं घ्यायचं. माझ्या यादीत प्रत्येक रसायनापुढे 'एलआर ग्रेड, कंपनीचं सील' असं लिहिलेलं होतं. या गृहस्थांच्या कोटेशनमध्ये ते शब्द गळून पडले होते आणि दर निम्म्यावर आले होते. मी ते मुख्याध्यापक सरांना दाखवलं. "चुना तो चुना, त्यात काय ग्रेड?" असं म्हणून त्यांनी सही केली.

दहावीच्या प्रात्यक्षिकात संगमरवराच्या तुकड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून निघणारा वायू चुन्याच्या निवळीतून सोडतात. निवळी दुधाळ व्हायला हवी. ती झाली नाही. नळी बदलली, बूच बदललं, आम्ल वाढवलं, तरी निवळी पाण्यासारखी स्वच्छ. मग मुलांनी स्ट्रॉने फुंकून पाहिलं, तेव्हाही काही नाही. तेवढ्यात व्हरांड्यातून जाणारे सर दारात थांबले आणि वर्गादेखत म्हणाले, "मॅडम, तुमची निवळी निवळच राहिली की!" पोरं हसली. स्टाफरूममध्ये तो विनोद कितीतरी दिवस चालला. मला प्रयोग जमत नाहीत, असं सगळ्यांचं ठरूनच गेलं.

शाळा सुटल्यावर मी प्रयोगशाळेत एकटीच थांबले. निवळीत फिनॉल्फथॅलिनचे दोन थेंब टाकले. खरी निवळी गडद गुलाबी होते, इथे जेमतेम झाक आली, तीही पुसट. मग बाटलीतली चिमूटभर कोरडी पूड परीक्षानळीत घेतली आणि वर विरल आम्ल सोडलं. नळी फसफसून तोंडापर्यंत आली! विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आम्लाशी त्याची अभिक्रिया होते तेव्हा क्षार आणि पाणी मिळतं, वायू निघत नाही. फसफसतं ते कार्बोनेट. लेबलवर 'कॅल्शियम हायड्रॉक्साइड' आणि आत जवळजवळ सगळी खडूची पूड! चुना उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट होतं. म्हणजे एकतर तो कुठल्यातरी गोदामात वर्षानुवर्षं पडून होता, किंवा आधीपासूनच त्यात भलतंच भरलं होतं. दोन्हींत माझ्या हातांचा दोष शून्य. त्या फसफसण्याकडे बघून मला आनंद झाला हे कबूल करते, आणि पाठोपाठ प्रचंड संताप आला.

संशय आल्यावर मी आठवीच्या जर्नल्स पुन्हा काढल्या. रासायनिक बंध शिकवताना मिठाचं आणि साखरेचं द्रावण घेऊन, दोन पेन्सिलींची शिसं, नऊ व्होल्टची बॅटरी, रोधक आणि एलईडी जोडून वाहकता पाहिली होती. मीठ आयनिक, त्याच्या द्रावणात एलईडी लागतो. साखर सहसंयुज, तिच्या द्रावणात लागत नाही. एका मुलीने लिहिलं होतं, 'साखरेच्या द्रावणात दिवा मंद लागतो, म्हणून साखरेत थोडे आयन असावेत.' बाकी सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, 'दिवा लागत नाही.' तिला मी लाल शाई मारली नव्हती, हे बरं झालं. आता नुसतं पाणी घेऊन बघितलं, तर त्यातही एलईडी लागला. हेच ते कॅनमधून आलेलं 'डिस्टिल्ड वॉटर'. त्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला तर पांढरा गढूळपणा आला, म्हणजे क्लोराइड. आमच्या बोअरच्या पाण्याला हुबेहूब तसाच येतो. ती मुलगी बरोबर होती. तिने डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं आणि बाकीच्यांनी गाईडमधलं उतरवलं. पुरवठादाराच्या कॅनपेक्षा हे मला जास्त लागलं.

पूर्वी आम्ही एलईडीऐवजी टॉर्चचा बल्ब लावत असू. त्याला बराच जास्त विद्युतप्रवाह लागतो, बोअरच्या पाण्यातही तो लागत नाही. म्हणून हे पाणी कित्येक वर्षं 'डिस्टिल्ड' म्हणून खपलं असेल.

मग फोन. दुधाचा दाखला तेव्हाचाच. चुना फसफसतो म्हटल्यावर, "चुना फसफसणारच ना मॅडम, ते त्याचं काम आहे." पाण्याबद्दल सांगितलं तर, "पाण्यातून करंट जातोच, बाथरूममध्ये ओल्या हाताने स्विच लावू नये म्हणतात ते कशाला?" आणि शेवटी हुकमाचा पत्ता, "तालुक्यात एवढ्या शाळांना माल देतो, एकाही शाळेची तक्रार नाही."

तक्रार येणार कुठून? बऱ्याच शाळांत त्या बाटल्या कपाटातून बाहेरच येत नाहीत. दहावीला विज्ञानाच्या शंभरापैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे. जर्नल फळ्यावरून उतरवून घेतली जाते आणि ते गुण पडून जातात. बाटलीत खडू आहे की चुना, हे तिचं झाकण न उघडणाऱ्याला कधीच कळत नाही. त्या गृहस्थांचा धंदा या बंद झाकणांवर चालतो, हे माझं स्पष्ट मत आहे. ते कोणाला लागलं तर लागू द्या.

आता ज्यांना खरंच प्रयोग करायचे आहेत त्यांच्यासाठी. मागणीपत्रातच ग्रेड, कंपनी, बॅच नंबर आणि उत्पादनाची तारीख मागा, आणि तिन्ही कोटेशनं त्याच अटींवर घ्या, म्हणजे 'दर कमी' या शब्दांना काही अर्थ राहील. चलनावर सही करण्याआधी बाटल्या टेबलावर उघडा. माल आणणारा मुलगा घाईत असतो, असू द्या.

चुन्याची चिमूट आम्लात टाका. चार-दोन बुडबुडे चालतात, फेस आला तर परत पाठवा. पाण्यात ढवळल्यावर बराच चुना तळाशी राहिला म्हणून मात्र घाबरू नका. लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमही विरघळत नाही. लवकर विरघळावा म्हणून पाणी तापवू तर नकाच, गरम पाण्यात तो आणखी कमी विरघळतो. गाळलेली निवळी बाटलीत गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट लावा. मुलं स्ट्रॉने फुंकतात तेव्हा एखादं उलट ओढतं, तिकडे लक्ष ठेवा. आणि फार वेळ फुंकलं की दुधाळ झालेली निवळी पुन्हा स्वच्छ होते, कारण विद्राव्य बायकार्बोनेट तयार होतं. तेव्हा पुरवठादाराला फोन करू नका.

फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, फिकट हिरवा हवा. पिवळा-तपकिरी असेल तर त्याचं ऑक्सिडीकरण झालंय, घेऊ नका. मोरचुदाचे खडे एकमेकांना चिकटले तरी चालतील. कळीच्या चुन्याचा लहानसा खडा पाण्यात टाकून बघा. तापला नाही तर तो आधीच विरलेला आहे. मॅग्नेशियमची फीत काळपट दिसली तर पॉलिश पेपरने घासा, आतून चकाकेल. पाण्याची परीक्षा एलईडीवर करा, टॉर्चच्या बल्बवर नको. बाकी गॉगल घाला, बाटल्यांवर लेबलं नीट ठेवा, प्रयोगशाळेत खाऊ नका, हे सगळ्यांना माहीत असतं.

तक्रार लेखी करा आणि पोच घ्या. फोनवरचं हसणं रेकॉर्डला राहत नाही. वादातली बाटली दोन सहकाऱ्यांसमोर सीलबंद करून तारीख टाकून ठेवा. माझी ठेवलेली आहे. सरांना तिच्यातली पूड आम्लात फसफसताना दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, बिल तर देऊन झालंय." निवळीचा विनोद त्यांनी अजून परत घेतलेला नाही.

यंदाही सर्वांत कमी दराचं कोटेशन त्याच गृहस्थांचं आलं आहे. तुमच्याकडेही आलं असेल, तर सहीच्या आधी चुन्याची बाटली उघडा.