दुतोंड्या मारुती आणि संख्यारेषा

नाशिक येथे गोदाघाटावर, रामकुंडानजीक, दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककर पुराचे मान या मूर्तीवरूनच सांगतात : पाणी गुडघ्यास लागले, कमरेस लागले, छातीवर गेले. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तर मूर्ती पाण्याखाली गेली होती. मूर्तीची उंची ही एक उभी संख्यारेषाच होय. स्पर्धा परीक्षांतील ‘माहितीची पर्याप्तता’ हा प्रकार शिकविण्यास तिच्याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल.

सरावापुरती कमरेची पातळी शून्य मानावी. वरचे अंतर धन, खालचे ऋण; पाण्याची पातळी ‘क्ष’ फूट. प्रश्न असा की, पाणी कमरेच्या वर आहे काय? म्हणजेच क्ष > ० आहे काय? दोन निरोप येतात. पहिला : पाणी व कंबर यांतील अंतर २ फुटांहून अधिक आहे. दुसरा : पाणी कमरेखालील १ फुटाच्या खुणेच्या वर आहे.

पहिला निरोप अंतर सांगतो, दिशा सांगत नाही. क्ष हा २ हून मोठा असेल, किंवा -२ हून लहान. तो एकटा अपुरा. दुसरा तपासताना पहिला पूर्णपणे बाजूस ठेवावा. विद्यार्थी चुकतात ते बहुधा येथेच. क्ष > -१ म्हटल्यावर १, २, ३ याच संख्या घालून पाहणाऱ्यास उत्तर ‘होय’ असेच वाटेल. परंतु पाणी काही पूर्ण फुटांवरच थांबत नाही. क्ष = -०.५ घेताच उत्तर ‘नाही’ होते. म्हणून हाही अपुरा. दोन्ही निरोप एकत्र घेतले असता खालची बाजू गळते आणि क्ष > २ एवढेच उरते. पाणी कमरेच्या वर आहे, हे निश्चित झाले.

दुसरा निरोप ‘पाणी कमरेखालील १ फुटाच्या खुणेच्या खाली आहे’ असा असता, तर तो एकटाच पुरला असता. उत्तर ‘नाही’ आले, तरी ते निश्चित आहे. ‘नाही’ म्हणजे अपुरी माहिती, ही समजूत अनेक शहाण्यासुरत्यांचीही असते.

आता घाटालगतच्या एखाद्या दुकानदाराचा माल कमरेच्या पातळीपासून ३ फूट उंचीच्या फळीवर आहे असे समजू. त्याचा प्रश्न क्ष > ३ आहे काय, असा आहे. मूळचे दोन्ही निरोप त्याला मिळाले, तरी क्ष २.५ असेल की ४, हे त्यांतून कळत नाही. त्याला घाटावरून आणखी एक निरोप मागवावाच लागेल.