पाथरी अंगणात लावा, पण गोळ्या सोडू नका

बीड जिल्ह्यात ज्वारीच्या रानात, बांधाच्या कडेला पाथरीची भाजी फुकट मिळते, म्हणून ती दारात लावायचं कुणाच्या मनात येत नाही. माझा सल्ला आहे, लावा. ऊस-ज्वारीतलं रुंद पानांचं तण मारायला आता टू-फोर-डी फवारतात, आणि पाथरी नेमकी रुंद पानांची. पानात मुरलेलं तणनाशक धुऊन निघत नाही. प्यायलाच पाणी नाही तिथं परसबाग कुठली, असं तुम्ही म्हणाल. पण मेथी-पालक दरवेळी पेरावे लागतात; पाथरी बहुवर्षायू आहे, वरचा पाला वाळला तरी मूळ जिवंत असलं की पावसाबरोबर पुन्हा फुटते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात परतणाऱ्या घराला असंच झाड हवं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी तिला चालतं, साबणाचं नको. रोप घेताना पान मोडून पाहा: पाथरीला पांढरा चीक येतो, कोवळ्या गाजरगवताला येत नाही. चीक इतर झाडांनाही असतो, तेव्हा ओळखणाऱ्या बाईला दाखवूनच खा.

पाथरीनं रक्त वाढतं, मग लोहाच्या गोळ्या कशाला, हा प्रश्न ठरलेलाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. पालेभाजीतलं लोह शरीर मुळात थोडंच शोषतं. ज्वारीतलं फायटेट ते अडवतं आणि जेवणावरचा चहा उरलंसुरलं. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वानं ही अडवणूक बरीच सैल होते. म्हणून फुलं येण्याआधीची कोवळी पानं घ्या, म्हणजे कडूपणा घालवायला उकळून पिळावी लागत नाहीत. पिळून टाकलेल्या पाण्याबरोबर फोलेट आणि ‘क’ जीवनसत्त्वही जातं. लोखंडी कढईत लसणाची फोडणी, भिजलेली मूगडाळ, वर पाथरी, आणि खाली उतरवल्यावर लिंबू. कच्ची भाकरी-ठेच्याबरोबर खायची तर पान न् पान वाहत्या पाण्यात धुवा. मातीतून जंतांची अंडी येतात. एवढं करूनही गरोदर बाईची गरज भागत नाही. तिला १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी लागतेच. शौचाला काळी होते म्हणून गोळी सोडू नका. ते लोहामुळंच होतं. मात्र हृदयाची झडप बदललेल्या आणि वॉर्फरिन घेणाऱ्यांनी पालेभाजीचं प्रमाण एकदम वाढवू नये, एकदम तोडूही नये. पालेभाज्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वानं त्या औषधाचा असर कमी-जास्त होतो, म्हणून बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.