सर्पगंधेची मुळी आणि मनाची उदासी

सर्पगंधा नावाचे एक लहान झुडूप आहे. कोकणात आणि सह्याद्रीच्या ओलसर रानात ते सापडते. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. पाने एका जागी तीन-तीन फुटतात. फुले पांढरी, पण त्यांचे देठ लाल. औषध असते ते मुळीत. मुळी फार कडू.

बिहारकडे या मुळीला 'पागल की दवा' म्हणत. वेडाच्या भरात माणूस ओरडतो, पळत सुटतो, रात्रभर झोपत नाही. मुळी दिली की तो शांत होई. हे नुसते ऐकीव नव्हते बरं का! १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी यावर लेख लिहिला. वेड शमते आणि रक्ताचा दाब उतरतो, असे त्यांनी सांगितले. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी दाबाच्या रोग्यांना ही मुळी देऊन नीट टिपणे ठेवली. १९४९ साली ती विलायतेच्या मासिकात छापून आली. मग जगाचे डोळे उघडले. १९५२ साली स्वित्झर्लंडात मुळीतले सत्त्व वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पिन. आपल्या रानातली मुळी अशी सातासमुद्रापार गेली.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. दाबासाठी हे औषध घेणारे काही रोगी उदास होऊ लागले, असे डॉक्टरांना दिसले. कोणी तर जिवावर उदार झाले. असे का व्हावे? आपल्या मेंदूत निरोप नेणारी काही द्रव्ये असतात. सर्पगंधा त्यांचा साठा रिता करते. भडकलेला माणूस त्याने निवतो. पण जो आधीच विझत चालला आहे, त्याचे काय?

उदासीचा रोगी ओरडत नाही. तो गप्प बसतो. भूक नाही, झोप नाही, कशात जीव रमत नाही. पंधरा-पंधरा दिवस हेच चालते. घरचे म्हणतात, आळशी झाला. नाहीतर म्हणतात, डोके फिरले, आणा ती मुळी. डोक्याचे सगळे आजार एकच, असे समजू नका. अशा माणसाला सर्पगंधा देणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे. 'पाल्याचे औषध, अपाय कसला?' असे पुष्कळ लोक म्हणतात. धोतराही पाल्याचाच की!

उदासीला झाडपाला मुळीच चालत नाही, असे नाही. जर्मनीत सेंट जॉन्स वर्ट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती आहे. हलक्या उदासीवर तिचा गुण येतो, हे तपासून पाहिलेले आहे. भारी उदासीवर तिच्यावर विसंबू नये. शिवाय ती दुसऱ्या गोळ्यांचा जोर कमी करते. पाळणा लांबवण्याच्या गोळ्याही त्यात आल्या.

तेव्हा अशा माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. एकटा धाडू नका, तो बोलणार नाही. बरोबरच्याने सांगावे: किती दिवस झोप नाही, जेवण किती, मरणाची भाषा करतो का, कोणती मुळी किंवा काढा दिला. हे शेवटचे लपवू नका. डॉक्टरांच्या गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. चार दिवसांत गोळी सोडू नये. १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस चालू असतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते.