पासष्ट वर्षे टिकलेली आठवण

“मला लहानपणी गोवर येऊन गेला, आता पुन्हा यायचा नाही,” असे आजी सांगते. हे खरे कशावरून? याचा एक सुंदर पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर मिळाला.

तेथे 1781 मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर तिकडे फिरकलाच नाही. 1846 मध्ये तो जहाजातून पुन्हा आला आणि सुमारे 7,800 वस्तीपैकी जवळजवळ 6,000 माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पानुम नावाच्या तरुण डॉक्टरांना तेथे पाठविले. त्यांना आढळले, की 1781 मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी गोवर होतच नसेल! पण 1781 च्या साथीतून जे सुटले होते, ते म्हातारे या वेळी आजारी पडले. म्हणजे वय हे कारण नव्हे. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हता, म्हणून आठवणीची उजळणीही झाली नव्हती. तरीही ती टिकली. ती कोठे साठविलेली असते?

आपल्या रक्तात व लसीका ग्रंथींत असंख्य लसीका पेशी असतात. प्रत्येकीच्या पृष्ठभागावर ठरावीक आकाराचे रेणू असतात. जणू निरनिराळी कुलुपेच. ज्या पेशीला विषाणूची किल्ली लागते तीच विभागू लागते. ही कल्पना ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ बर्नेट यांनी 1957 मध्ये मांडली.

आता थोडे गणित करू. समजा, जुळणारी एकच पेशी आहे व ती दर 12 तासांनी दुप्पट होते. सात दिवसांत ती 14 वेळा दुप्पट होऊन 16,384 पेशी होतील. त्यांतील काही पेशी विषाणूला जखडणारी प्रतिपिंडे तयार करतात. रोग हटल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या मागे राहतात. याच स्मृतिपेशी. समजा, 128 उरल्या. 128 म्हणजे सात वेळा दुप्पट झालेली एक पेशी. म्हणून पुढच्या वेळी तीच संख्या साडेतीन दिवसांत गाठता येते! शिवाय काही पेशी अस्थिमज्जेत राहून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पुरवितात. गोवराचे पुरळ लागणीनंतर सुमारे 14 दिवसांनी उठते, हेही पानुम यांनीच दाखविले. तेवढ्या अवधीत शरीर बाजी मारते.

इन्फ्लुएंझाचा विषाणू मात्र आपली किल्ली बदलत राहतो. म्हणून तो पुन्हा गाठतो.

मग गोवर एकदा होऊन गेलेला बरा का? मुळीच नाही. तो जीवही घेतो. शिवाय 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या 77 मुलांचे रक्त गोवरापूर्वी व नंतर तपासले. इतर रोगांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाली होती. गोवर स्वतःची आठवण ठेवून जातो, पण इतरांच्या पुसून टाकतो! लसीने आठवण तयार होते, पुसली जात नाही.

आज घरी धाकट्या भावंडाचे लसीकरण कार्ड पाहा. नवव्या महिन्यानंतरची आणि 16 ते 24 महिन्यांतील अशा दोन्ही मात्रांची नोंद आहे ना? आणि हे उदाहरण सोडवा : स्मृतिपेशी 1,024 असतील, तर 16,384 ही संख्या किती दिवसांत होईल?